होऊ न दिलेले गोल

टीम म्हटली की किस्से आलेच. ते जमवायला कुणी बसत नाही. मॅचला जाताना ट्रकमध्ये, येताना ढाब्यावर, पुरात अडकल्यावर शाळेच्या व्हरांड्यात ते आपोआप साचत जातात. आमच्या कोळसा खाणीच्या फुटबॉल टीमचे तर इतके साचलेत की एक काढायला जावं तर चार बाहेर सांडतात. एरवी मी ते हसत हसत सांगतो. आज मात्र माझं डोकं फिरलेलं आहे, आधीच सांगून ठेवतो!

कारण काल खाणीत दिवाचा निवृत्तीचा निरोप समारंभ झाला. दिवा म्हणजे दिवाकर शेंडे, आमचा स्टॉपर, बचावफळीतला मधला गडी. मी सलीम, गोलकीपर. सगळी नव्वदची वर्षं आणि पुढचीही काही मी दिवाची पाठ बघत उभा राहिलो. त्या पाठीवरची जर्सी आमच्या अब्बांनी दुकानात शिवलेली. पाठीवरच्या चार नंबरची शिवण कुठे उसवलीय हेसुद्धा मला पाठ होतं.

तर काल स्टेजवर हार, शाल, नारळ. आणि सूत्रसंचालक माइकवर म्हणतो काय, "ज्यांनी आपल्या कारकिर्दीत असंख्य गोल ठोकले, असे आपले लाडके दिवाकरभाऊ!"

मला राहवलं नाही. मी खालूनच ओरडलो, "अहो, ठोकले नाहीत! अडवले, अडवले!"

त्या पठ्ठ्याने पापणीही लववली नाही. म्हणाला, "आणि अडवलेसुद्धा!"

टाळ्या! आणि दिवा? तो खाली येऊन मलाच समजावतोय, "जाऊ दे ना सलीमभाऊ. हार तं बरोबर गळ्यात पडला ना?"

का जाऊ द्यायचं? आयुष्यभर हेच ऐकत आलो. दिवा खाणीत परमनंट झाला ही गोष्ट खरी, पण तो कुणामुळे झाला हे त्या स्टेजवरच्या एकालाही ठाऊक नव्हतं. म्हणून म्हटलं, आता आपणच सांगावं.

*

सुरुवात ट्रायलपासूनच उलटी झाली. आमचे कोच चौबे सर. त्यांना हवे होते फॉरवर्ड. गोलसमोर नुसते एकट्याने शॉट मारून काय कळणार? म्हणून कडेला उभ्या असलेल्या एका काळ्यासावळ्या पोराला त्यांनी बोट दाखवलं, "तू बीच में खड़ा रह." तो दिवा. मार्कंड्याच्या देवळाजवळच्या गावातला, वैनगंगेत मासे धरणाऱ्या घरातला. घरून अनवाणी आलेला.

एकेक फॉरवर्ड बॉल घेऊन यायचा आणि बॉल दिवाच्या पायाशी ठेवून परत जायचा. माझ्यापर्यंत काही येईचना. मी गोलमध्ये जांभया देतोय. शेवटी चौबे सरांनी टोपी जमिनीवर आपटली, "आज का माल ही खराब है! एक भी फॉरवर्ड ढंग का नहीं!" आणि सगळ्यांना घरी पाठवून दिलं. त्यात दिवालाही!

पुढच्या खेपेला राजुऱ्याकडून, बल्लारपूरकडून नवी पोरं बोलावली. मधे उभं राहायला पुन्हा दिवाच. पुन्हा माल खराब! सर तिसऱ्या ट्रायलची तारीख ठरवायला निघाले, तेव्हा मी गोल सोडून धावत गेलो. "सर, माल चांगला आहे. मधे उभा आहे त्याच्याकडे बघा जरा!"

सरांनी त्याला पहिल्यांदा नीट न्याहाळलं. "कौन सी पोजीशन खेलता है बेटा?"

दिवा म्हणाला, "मले काय माहीत सर? तुमीच तं म्हनलं, उभा राय."

*

उभं राहणं ही काय चीज आहे ते आम्हाला प्रॅक्टिसमध्ये कळलं. आमचा स्टार फॉरवर्ड विनोद. केस मानेपर्यंत, कॉलर उभी, गोल केला की पब्लिककडे बघून हात जोडणार. पोरगा वाईट नव्हता, पण स्वतःच्या सावलीवरही खूश असायचा.

विनोद बॉल घेऊन दिवासमोर आला. खांदा इकडे, कंबर तिकडे, पाय बॉलवरून गोल गोल. भलेभले स्टॉपर अशा वेळी झेपावतात आणि आडवे होतात. दिवा जागचा हलेना. विनोदचा नाच संपेचना. शेवटी तो वैतागून ओरडला, "अबे, काही तरी कर ना!"

"तूच तं करून राह्यला ना," दिवा म्हणाला. "तुहं झालं का सांग."

त्यावर विनोद क्षणभर हसला. तेवढ्यात बॉल गेला!

नंतर मी विचारलं, हे कुठे शिकलास? तर म्हणे बापाकडून, नदीवर. "मासा फिरते तवर जाळं हातातच ठेवाचं. घाई केली का मासा खाली अन् आपन उपाशी."

*

एकदा चंद्रपूरची एक मोठी स्पर्धा जिंकलो. फायनलमध्ये समोरच्या टीमने दुसरा हाफभर आमच्या गोलवर हल्ला चढवला होता. दिवाच्या कपाळाला खोक पडली, रुमाल बांधून खेळला. विनोदने अख्ख्या मॅचमध्ये एक गोल मारला आणि उरलेला वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मधोमध विनोद, ट्रॉफी, दात. आणि डाव्या कडेला, जिथे फोटो कापला होता तिथे, एक कोपर!

मी तो पेपर रागाने चुरगाळला. पण दिवाच्या घरी गेलो तर त्याच्या बायकोने, कमलने, तोच फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावलेला. येईल त्याला ती बोट ठेवून दाखवायची, "हा हात आमच्या यांचा आहे जी!"

हसावं की रडावं? मी चहा न पिताच निघालो.

*

आमच्याकडच्या गावोगावच्या स्पर्धांमध्ये तेव्हा एक रीत होती. गोल करणाऱ्याला कोंबडा! गावातला कुणी दुकानदार तो द्यायचा आणि कोंबडा मॅचभर गोलपोस्टच्या मागे बांधलेला असायचा. म्हणजे माझ्या कानाशी! पेनल्टी आली की नेमका आरवणार. पण माझी तक्रार ती नाही. तक्रार ही की गोल करणाऱ्याला कोंबडा, आणि गोल न होऊ देणाऱ्याला? त्याला पाणीसुद्धा स्वतःच हँडपंपावर जाऊन प्यावं लागे!

एका वर्षी मार्कंड्याची जत्रा उठल्यावर दिवाच्याच गावात स्पर्धा झाली. दिवाचे वडील धोतर सावरत पहिल्या रांगेत. विनोदने गोल मारला, कोंबडा जिंकला. गावाने विनोदला खांद्यावर घेतलं, सरपंचांनी त्यालाच फेटा बांधला. दिवाच्या गावात, दिवाच्या डोळ्यांसमोर! वर एक म्हातारा दिवाच्या वडिलांना म्हणतो, "तुहा पोट्टा काऊन पयत नाई बा? पायाले काही झालं का?"

मी भांडायला उठलो, तर दिवाच्या वडिलांनी माझा हात धरला. "बस जी. आपल्या घरी दुसऱ्याच्या पायानं आला का होईना, कोंबडा तं आपल्याच चुलीवर शिजते."

मला तो रस्सा घशाखाली उतरत नव्हता. पण दिवाच्या आईच्या हाताला चव होती, ती वाढत राहिली, मी खात राहिलो. राग राग म्हणून माणसाने किती वेळ ताटावर बसून राहायचं!

*

आता मुख्य अन्यायाकडे येतो. खेळाच्या जोरावर घेतलेल्या पोरांना खाणीत आधी टेम्परवारी ठेवत. खेळात कामगिरी दिसली की परमनंट. विनोद कधीच परमनंट होऊन टाइम ऑफिसात पंख्याखाली बसला होता. मीही झालो होतो. दिवा अजून रेल्वे सायडिंगवर, वॅगन भरतात तिथे कोळशाच्या धुळीत, आणि दरवेळी मुदत वाढेल की नाही ही धाकधूक. कमलला दिवस गेले होते. क्वार्टर हवं तर आधी परमनंट व्हायला हवं.

मुलाखतीला तिकडून घाटावरून आलेले नवे साहेब बसले होते. चौबे सर आणि मी सोबत गेलो. साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "किती गोल केलेत आजपर्यंत?"

"एक बी नाई, साहेब."

"एकही नाही? मग इतकी वर्षं केलं काय?"

"होऊ देले नाई, साहेब."

सर आणि मी माना हलवतोय, की हे अगदी खरं आहे. साहेब आमच्याकडे बघून म्हणाले, "अहो, झालेली गोष्ट दाखवता येते. न झालेल्या गोष्टीचा पुरावा काय?"

आणि त्यांनी दिवाची फाइल मिटून बाजूला सारली. मला तर अजूनही त्या प्रश्नाचा राग येतो, आणि उत्तर सुचत नाही म्हणून जास्त येतो!

*

मग आम्ही टीमने ठरवलं, दिवाच्या नावावर एक तरी गोल लावायचाच! संधी मिळाली भामरागडला. पंधरा ऑगस्टच्या मॅचसाठी गेलो आणि नदीला पूर आला. रस्ता बंद. शाळेत मुक्काम, रोज भात आणि अंबाडीची भाजी. गावातली पोरं रोज संध्याकाळी म्हणायची, चला खेळू. मित्रत्वाच्या मॅच, हारजितीचं काही नाही. चौबे सर म्हणाले, या मॅचचंही मी साहेबांना सांगेन, गोल तो गोल!

दिवाला ढकलत ढकलत पुढे पाठवलं. तो समोरच्या गोलच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, परक्याच्या घरी आल्यासारखा अवघडून. विनोदने त्याला दोनदा बॉल दिला, त्याने दोन्ही वेळा मागे परत दिला. तिसऱ्यांदा गर्दी झाली, त्यांचा गोलकीपर चिखलात घसरला, बॉल सुटून विनोदच्या पायाशी आला. समोर गोल उघडा! विनोदने हळूच ढकलला. बॉल रेषेकडे चाललेला. तिथे दिवा. नुसता पाय लावायचा की नावावर गोल!

दिवाने झेप घेतली आणि बॉल असा जोरात बाहेर काढला, की तो थेट बाभळीच्या पलीकडे!

चौबे सर मटकन चिखलात बसले. मी इकडून ओरडतोय, "अरे, तो आपला होता! आपला!"

दिवा स्वतःच्या पायाकडे बघत होता. "रेषेवर बॉल दिसला सलीमभाऊ," तो म्हणाला. "पाय माहं आयकतच नाई."

*

आता शेवटचा किस्सा.

त्या हिवाळ्यात टेम्परवारी पोरांची छाटणी होणार अशी बातमी आली. कुणाला काढायचं ते साहेब स्वतः मॅच पाहून ठरवणार होते. मॅच कुठे, तर सिरोंच्याला. गोदावरीकाठची ती स्पर्धा आम्ही दरसाल खेळायचो. साहेब जीपने आले, मंडपात खुर्ची, हातात चहाचा कप. कमल तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होती, आणि दिवा सकाळपासून बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होता.

समोरच्या टीमचा फॉरवर्ड मल्लेश, तिथलाच, मासेमारी करणारा. वाऱ्यासारखा पोरगा. बाकी सगळ्या टीमना त्याने दरसाल गोल मारलेत. त्याची आई लचम्मा पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला बसायची, कोंबडा घरी न्यायला. त्या दिवशीही बसली होती. कोंबडा माझ्या मागे आरवत होता.

मल्लेश उजवीकडून आला, दिवा उभा. डावीकडून आला, दिवा उभा. हाफ टाइमला साहेब चौबे सरांना म्हणाले, ते मी माझ्या कानांनी ऐकलं, "तो चार नंबर काय करतो हो? त्याला धड पळतानाही पाहिलं नाही मी." सरांचा चेहरा उतरला. दुसऱ्या हाफमध्ये विनोदने गोल मारला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मॅच संपली. विनोद कोंबडा काखेत मारून फोटोला उभा राहिला. माझ्या मनात आलं, संपलं दिवाचं.

तेवढ्यात लचम्मा पदर खोचून मैदानात घुसली. विनोदला ओलांडून गेली, मला ओलांडून गेली, आणि थेट मंडपाजवळ, जिथे दिवा वाकून बूट काढत होता, तिथे जाऊन उभी राहिली.

"अय्यो! हाच ना तो? मागल्या साली हाच, त्याच्या मागल्या साली बी हाच! माहा मल्लेश सगळ्याइले गोल मारते. सगळ्याइचा कोंबडा माह्या घरी येते. तुमची टीम आली का माही चूल थंडी! सकाळपासून मसाला वाटून ठेवला मी. तो काय आता गोदावरीत सोडू?"

साहेब खुर्चीतून उठले. "बाई, झालं काय? याने मारलं का तुमच्या मुलाला?"

"मारलं असतं तं बोलली असती का? मारत नाई, पाडत नाई, शिवी बी देत नाई! नुसता उभा रायते! माहा पोट्टा घरी येऊन जेवत नाई, म्हणते, आई, तो चार नंबर मले झोपेत बी दिसते!"

दिवा एका पायात बूट, एक हातात, मान खाली घालून उभा. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. एकदा दिवाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

लचम्माने साहेबांना खालपासून वरपर्यंत निरखलं. "तुमी का याचे साहेब?"

"हो. मीच."

"मंग याले कुठी तरी नोकरी काऊन नाई लावून देत? चांगली पक्की लावा! कामात अडकला म्हणजे दरसाल इथी मरायले तं येनार नाई!"