मला न आलेला वास

डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीची नळी नाकातून काढली आणि पडदा माझ्याकडे वळवला. सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, ओलसर घड दोन्ही नाकपुड्यांत लोंबत होते. "नेझल पॉलिप्स," त्या म्हणाल्या. म्हणजे सायनसच्या जुन्या दुखण्यात सुजलेल्या अस्तराला फुटलेले मऊ कोंब. मग विचारलं, "महक कब से नहीं आती?"

"चार-छह महीने से," मी म्हणालो.

"भाईसाहब, इतने बड़े पॉलिप्स चार-छह महीने में नहीं बनते."

खरं म्हणजे कित्येक वर्षं मला वास येत नव्हता, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

एकदा सांगायला गेलो होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं, तरी हिंदी बोलताना मधूनच मराठी घुसतं. जुन्या डॉक्टरांना म्हणालो, "मुझे बास नहीं आती." ते हसले. "ये तो अच्छी बात है!" बास म्हणजे हिंदीत दुर्गंधी, हे मला बाहेर आल्यावर उमगलं. परत आत जायची लाज वाटली. ते सर्दीच्या गोळ्या देत राहिले, मी घेत राहिलो.

घरी निभावून नेणं सोपं होतं. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचं. बायकोनं कढीला फोडणी दिली की "वा!" म्हणायचं. कुणी नाक मुरडलं की आपणही मुरडायचं.

सीटी स्कॅन झाला. पॉलिपचा तुकडा तपासायला गेला. फ्रीगंजच्या त्या दवाखान्यात रिपोर्टची वाट बघताना सगळे घसे खाकरत होते. मला कॅन्सरची भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू, थोडी आशाही वाटत होती. शिक्षा तरी होईल.

कॅन्सर निघाला नाही. तुकड्यात इओसिनोफिल्स खच्चून भरलेले होते. या पांढऱ्या पेशी, शरीराचे रखवालदार. नाकाचं अस्तर ही पहिली चौकी. तिथला शेंबूड धूळ आणि जंतू अडकवतो, बारीक केसांसारखे तंतू तो घशाकडे ढकलतात, आणि पेशी पहारा देतात. "आपके यहाँ चोर कोई नहीं है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चौकीदार ही लाठी चलाए जा रहे हैं." त्या मारामारीत अस्तर सुजतं, आणि नाकाच्या छतापाशी जिथे वास कळतो तिथवर हवाच पोचत नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. हे या तपासण्यांच्या बरंच आधीचं.

आईला मधुमेह होता. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती, घरी आम्ही दोघंच. आईच्या पायाला फोड आला. दुखत नव्हता, मधुमेहात पाय बधिर होतो. पट्टी मीच बदलायचो. एका सकाळी ती म्हणाली, "सुधीर, पट्टी ओली लागतेय. बघ रे, वास मारतोय का? मला मेलीला म्हातारपणी काही कळत नाही."

मी वाकलो. हुंगल्यासारखं केलं.

"नाही ग. हळदीचा वास येतोय नुसता."

ती हसली. "मग असू दे. उगाच डॉक्टरकडे नको नाचवूस मला."

त्या आठवड्यात धाकटी बहीण नंदा इंदूरहून आली. दारातच थबकली. "दादा, घरात काय सडलंय?"

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. विष आधीच रक्तात गेलं होतं. आई दवाखान्यातून घरी आली नाही.

नंदानं विचारलं होतं, "तू रोज पट्टी करत होतास ना?" मी म्हणालो, "आईनं मला बघूच दिलं नाही." तेव्हापासून ती आईवर चिडून होती. "हट्टी बाई! लपवून गेली," असं दर वेळी म्हणायची. मी मान हलवायचो.

माझं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून पॉलिप्स काढले, सायनसच्या वाटा मोकळ्या केल्या. काही आठवड्यांनी टावर चौकात उभा असताना अचानक नाल्याची घाण नाकात शिरली. लोक घाईनं पुढे जात होते. मी तिथेच खिळलो. असाच होता का? आईच्या पायाचा वास मला कधी आलाच नाही, त्यामुळे तो ओळखता येत नाही. नासलेलं दूध, मेलेला उंदीर, फुलदाणीतलं शिळं पाणी, प्रत्येक वेळी वाटतं, हाच.

ते सोसेना. नंदाला बोलावून सगळं सांगितलं.

तिनं पुढ्यातला चहा बाजूला सारला. मग म्हणाली, "येत नव्हता तर येत नाही म्हणायचंस. हळद कुठून काढलीस, दादा?"

ती चहा न घेता गेली. फोन उचलेना.

आईच्या श्राद्धाला मात्र आली. माझ्याशी बोलली नाही. जेवणं उरकल्यावर फोटोसमोर बसली आणि हळूच म्हणाली, "आई, चुकले ग मी. तू सांगितलं होतंस."

पॉलिप्स पुन्हा वाढू शकतात. मिठाच्या पाण्यानं नाक धुणं आणि स्टेरॉइडचा फवारा आता जन्माचा. करतो. ज्यांना वास येत नाही त्यांनी तो येत नाही असं स्पष्ट सांगावं, डॉक्टरला कळेल त्या भाषेत आणि घरातल्यांना आपल्या. नंदानं मला माफ केलेलं नाही, आणि मी माफी मागणारही नाही. पण आईवरचा आळ उतरला. त्या दिवशी खूप दिवसांनी मी तिच्या फोटोकडे सरळ बघू शकलो.