तांबडीचा नवस

गेल्या दसऱ्यानंतर मी आमच्या गावच्या देवीकडे गेले ती भांडायला गेले, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको, की बाई फार भाविक आहे. तशी मी रोज दिवा लावणारी, संकष्टी धरणारी. पण त्या दिवसांत देव्हाऱ्यासमोर उभी राहिले, की हात जुळायच्या आधी तोंड सुटायचं. मनातल्या मनात का होईना, पण सुटायचंच. ‘आजार दिलास तो दिलास, वर माझी गाडीही पाहिजे तुला?’ असं मी रोज विचारायची, आणि समई मख्खासारखी जळत राहायची.

आम्ही करी रोडला चाळीत राहतो. नवरा, मी आणि सासूबाई. नवऱ्याला मोटरसायकलींचं वेड लग्नाआधीपासूनचं. मला ते नंतर लागलं आणि त्याच्याहून जास्त लागलं. नव्या गाड्या आमच्या आवाक्यातल्या नव्हत्या, म्हणून आम्ही जुन्याच शोधल्या. दोन्ही क्रूझर. बसकी सीट, रुंद हँडल, पाय पुढे टाकून आरामात बसायचं आणि दिवसभर जायचं. त्याची काळी, माझी तांबडी. तांबडी गिरगावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची. गुडघे गेले म्हणून त्यांनी विकली, आणि किल्ली हातात देताना त्यांचे डोळे भरून आले होते. शिवाजी पार्कच्या भोवती पहाटे फेऱ्या मारून मी ती चालवायला शिकले. वॉकला आलेले आजोबा लोक मला बघून थांबायचे. कौतुकाने थांबतात असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग एकाने नवऱ्याला गाठून विचारलं, की मिसेस पडल्या तर गाडी उचलणार कोण? अहो, मला विचारा ना! मी तिथेच उभी होते.

गाड्यांची सगळी कामं आम्ही दोघं चाळीच्या आवारात करतो. आमची एक पद्धत आहे. नट एकाने आवळायचा, दुसऱ्याने पाना लावून तपासायचा, आणि तपासून झालं की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे दोघांचे हात लागले. ठिपका नसेल तर गाडी आवाराबाहेर काढायची नाही. नखांना मी ते नेलपॉलिश कधी लावलं नाही, बाटल्या मात्र दोन संपवल्या. अशा त्या गाड्यांवरून आम्ही कुठे कुठे गेलो, किती धाब्यांवर जेवलो, किती वेळा रस्त्याकडेला बसून भांडलो, याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

मग माझ्या छातीत गाठ निघाली. परळचं इस्पितळ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आयुष्यभर ज्या फाटकावरून भाजी घेऊन गेले, त्या फाटकातून आत जायची पाळी आली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, तोंडाची चव गेली. त्या सगळ्या काळात मी एकच गोष्ट मनाशी धरून होते, की एक दिवस तांबडीला किक मारून मी घाट उतरणार आहे. नवरा रविवारी तिचं इंजिन चालू करायचा आणि मी गॅलरीत खुर्ची टाकून तो आवाज ऐकत बसायची. खोटं कशाला सांगू, पोथीपेक्षा मला त्या आवाजाचा जास्त आधार होता.

मी बरी झाले. डॉक्टरांनी हळूहळू गाडी चालवायलाही हरकत नाही म्हटलं. आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी भाकऱ्या थापता थापता सांगितलं, की मी आजारी असताना त्यांनी गावच्या देवीला नवस बोलला होता. सून बरी होऊ दे, ती गाडी सोडेल.

ती सोडेल! म्हणजे मी. माझं नाव, माझी गाडी, आणि नवस बोलणाऱ्या ह्या. मला अशी तिडीक आली, की मी ताटावरून उठले. अहो, सोडायचं तर आपलं सोडावं. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून देवीला वाढायचं, हा कुठला न्याय? सुया टोचून घेतल्या मी, ओकाऱ्या काढल्या मी, आणि वर दंडही मीच भरायचा? नातेवाइकांना तर आयतं कोलीतच मिळालं. फोनवर फोन. “आता तरी पुरे कर, देवीनेच सुचवलंय.” कुणी म्हणालं, नवस फेडला नाही तर आजार उलटतो. जी बाई नुकतीच त्यातून उठून बसली आहे, तिला असं बोलताना लोकांची जीभ कशी चालते, हे मला आजही समजलेलं नाही. पण ते वाक्य माझ्यात रुतलं. मी कितीही तणतणले तरी आंघोळ करताना हात काखेकडे जायचा, आणि मनात यायचं, खरंच उलटलं तर?

नवऱ्याने मधला मार्ग काढला. बोललेल्या नवसातून माणूस सोडवू शकत नाही, देवी सोडवू शकते. आमच्या गावात त्यासाठी कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवीने सोडलं तर गाडी माझी, नाही सोडलं तर तिथूनच गाडी विकायची, असं ठरलं. “आणि जायचं कसं?” मी विचारलं. तो म्हणाला, तू तांबडीवर, मी काळीवर. सासूबाई धाकट्या दिराबरोबर मोटारीने आधी जाणार होत्या. मी हो म्हटलं खरं, पण मनात संताप होताच. माझ्या गाडीचा निकाल दोन पाकळ्यांवर! त्या भरात मी नवऱ्याशीही बोलणं टाकलं. त्याने काय केलं होतं? काहीच नाही. आईला एक शब्द बोलला नव्हता, हेच केलं होतं.

त्या अबोल्यात दसरा आला. तांबडीला मागचा नवा टायर घातला होता. सकाळी चाक बसवून नवऱ्याने नट हातानेच फिरवून ठेवला, कारण चेनचा ताण मी बघते, मगच तो पक्का आवळायचा, त्यात पिन घालायची आणि ठिपका द्यायचा, ही आमची रीत. मी खाली गेलेच नाही, वरच फुगून बसले. सासूबाई पूजेचं ताट घेऊन उतरल्या. दोन्ही गाड्यांना हळदकुंकू, फुलं, आपट्याची पानं. तांबडीच्या मागच्या बॅगेला त्यांनी स्वतः ओवलेली झेंडूची माळ बांधली आणि वर निरोप धाडला, की देवळात पोचेपर्यंत ही कुणी काढायची नाही. मी म्हटलं, बघा! निरोप द्यायच्या बैलासारखी सजवली माझी गाडी.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. कोल्हापूरला मुक्काम केला, आणि सकाळी कोकणाकडचा घाट उतरायला लागलो. खूप महिन्यांनी ते वळण, तो वारा. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण मी सबंध वाट हेल्मेटच्या आत देवीशी भांडत होते. सतरा वाक्यं तयार केली होती मी तिला सुनवायला. तेवढ्यात मागच्या चाकातून फरफर असा आवाज यायला लागला आणि गाडी जड झाली. कशीबशी कडेला घेतली. बघते तर माळेची दोरी सुटून चाकाच्या मधल्या भागाला गच्च गुंडाळली गेली होती. झेंडूचा पार लगदा. माझ्या तोंडून सासूबाईंच्या नावाने जे काही निघालं, ते इथे लिहीत नाही.

नवरा मागून आला. कात्रीने दोरी कापता येईना, म्हणून चाक जरा ढिलं करू म्हणाला आणि नटाला पाना लावायला वाकला. पाना लावावाच लागला नाही. नट बोटांनी फिरत होता. शेवटच्या दोन आट्यांवर आला होता आणि त्यात पिन नव्हती. पुढे सगळा उतार आणि वळणं.  नवरा म्हणाला, “लाल ठिपका दिसला मला. वाटलं, तू खाली येऊन गेलीस.”

मी खाली गेले नव्हते. निघताना ठिपका मलाही दिसला होता, आणि मी धरून चालले, की यानेच एकट्याने सगळं उरकलं. तो ठिपका कुंकवाचा होता. सासूबाईंनी चाकाची पूजा करताना नटालाही बोट लावलं होतं. आमचा अबोला नसता तर एका शब्दात उलगडा झाला असता. मी काही बोलायला तोंड उघडलं, आणि ज्या बाईवर ओरडायचं होतं, तिच्याच माळेने गाडी थांबवली होती हे डोक्यात आलं. आता रागवायचं कुणावर? मी मातीत फतकल मारून बसले.

नट आवळायला पाना होता, पण पिन घरच्या डबीत राहिली होती. वळणावर तवशी, म्हणजे गावठी मोठ्या काकड्या, विकणारी एक बाई बसली होती, ती मघापासून आमचा तमाशा बघत होती. उठून आली, वाकून बघितलं. काय पाहिजे म्हणून विचारलं. नवऱ्याने बोटांनी दाखवलं, एवढीशी तार, दुमडता येईल अशी. तिने माझ्याकडे बघितलं. बायकांच्या डोक्यात असतंच की काहीतरी, असं तिच्या मनात आलं असणार. मी हेल्मेट काढलेलं होतं आणि माझ्या डोक्यावर बोटभर केस होते. ती त्याबद्दल काही बोलली नाही, काय झालं होतं म्हणून विचारलंही नाही. स्वतःच्या अंबाड्यातला आकडा उपसला आणि माझ्या हातावर ठेवला. “बघ गो, ह्यो आकडो चलता काय.”

चालला. नवऱ्याने तो नटातून घालून दोन्ही टोकं वळवली, मी पाना लावून तपासलं, पुन्हा तपासलं. नेलपॉलिश जवळ नव्हतं. त्या बाईचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता आणि ती तशीच आमच्यासाठी तवसं कापत होती. मला तिथे रडू आलं. इतक्या महिन्यांत इस्पितळात आलं नव्हतं इतकं आलं. माझी सतरा वाक्यं त्या वळणावरच राहिली.

देवळात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सासूबाई पायरीवर वाट बघत होत्या. नवऱ्याने सगळं सांगितलं, कुंकवाचं, माळेचं, आकड्याचं.  त्या तांबडीपाशी जाऊन तो आकडा बोटाने चाचपून आल्या. गुरवाने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, जमलेल्यांनी “होय म्हाराजा” म्हणून साथ दिली. मी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. भीतीने ठेवली की श्रद्धेने, ते देवीला माहीत. ती पुढची वळणं मी उतरले असते तर किल्लीचा प्रश्नच उरला नसता, एवढंच मनात होतं. म्हटलं, तुला ठेवायची तर ठेव.

गुरव पाकळ्या लावणार, इतक्यात सासूबाई पुढे झाल्या आणि त्याला थांबवलं. “नवस माझ्या तोंडातून इलो, तो मीच फेडतलंय. तिची गाडी तिका आसूदे. मी मासे सोडतंय.”

आमच्या मालवणी घरात हे काय बोलणं आहे, ते मालवणी माणसालाच कळेल. सासूबाईंना ताटात बांगडा नसला तर भाताकडे बघवत नाही. स्वतः आजारी असतानाही त्यांनी पथ्याचं सूप बाजूला सारून माशाचं तिखलं मागितलेलं मी बघितलं आहे. मी उंबऱ्यावरूनच ओरडले, असलं काही चालणार नाही म्हणून. आधी माझं सोडलंत, आता स्वतःचं सोडताय, कुणी सांगितलंय तुम्हाला? गुरवाने मला हाताने गप्प केलं. हा बदल मान्य आहे का, असं देवीला विचारून पाकळ्या लावल्या.  उजवी पाकळी जरा हलली आणि पडली.

त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. पाकळी ओली असते, कधीतरी पडतेच, असं माझा दीर म्हणतो. असेलही. परतीच्या वाटेवर मी त्या तवशीवाल्या बाईसाठी आकड्यांचं पाकीट घेऊन गेले. ती तिथेच बसली होती. एकाच्या बदल्यात एवढे कशाला, म्हणून मलाच रागावली, आणि तवशांचे पैसे मात्र पुरेपूर घेतले. तांबडीत आता नवी पिन आहे. सासूबाई हल्ली पूजेचं ताट घेऊन उतरल्या, की आधी विचारतात, तुमचं तपासून झालं काय, आणि मगच कुंकवाचा करंडा उघडतात.

मासे त्यांनी खरोखरच सोडले. घरात बांगड्याचं तिखलं शिजलं, की त्या डाळभात आणि लोणचं घेऊन बसतात. देवीवरचा माझा राग गेला, पण हे बघून अजून चिडचिड होते. स्वतःचं देणं मी शिकले होते, रागारागाने का होईना, किल्ली ठेवलीच होती. पण आपल्यासाठी कुणीतरी दिलेलं, हिशेब न मांडता घेणं मला जमत नव्हतं, आणि शरण जाणं त्यातही असतं असं आता वाटतं. तरी परवा रविवारी पुन्हा राहवलं नाही. म्हटलं, आई, पुरे झालं आता, एक तुकडी घ्या. देवी काही बघायला येत नाही. त्यांनी माझ्याच ताटात आणखी एक तुकडी वाढली.

“गाडी चालयतंस मां? मग गप जेव.”

मी गप जेवले.