इंदूताई आणि पूर्वेने गेलेली बॅग

माणसाने आपल्या गावाचे नाव अभिमानाने सांगावे, असे थोर लोक सांगत आले आहेत. इंदूताई कांबळे यांना गावाची फक्त तीन इंग्रजी अक्षरे लागत, आणि ती गावाच्या नावाशी जुळलीच पाहिजेत असा त्यांचा आग्रह नव्हता.

शाहूपुरीत जिन्याखालच्या एका ऑफिसात त्या विमानाची तिकिटे काढून देत. शेजारच्या टेबलावर मी लोकांचे पासपोर्टचे अर्ज भरत असे. तिकीट हातात देण्याआधी ताई गिऱ्हाइकाकडून त्यावरची अक्षरे पाठ करून घेत. मुंबईचे बीओएम.

"पण आता मुंबई झाली की, ताई."

"तुमच्यासाठी झाली, पावणं. बॅगेसाठी अजून बॉम्बेच हाय."

पुण्याच्या पीएनक्यूमधला क्यू कुठून आला, असे मी एकदा विचारले. "पुणं हाय ते. कायतरी जादा असणारच की!" विमान कंपन्यांना दोन अक्षरे असतात, विमानतळांना तीन. त्याबद्दल त्यांचे म्हणणे ठरलेले होते: "कंपनी चुकली तर जेवण बदलतंय. गाव चुकलं तर सासर बदलतंय."

त्या काळी परदेशाहून परतलेला माणूस बॅगेच्या मुठीला चिकटवलेली, विमानतळाची अक्षरे छापलेली कागदी पट्टी काढत नसे. बॅग बैठकीच्या खोलीत कपाटावर ठेवायची, पट्टी पाहुण्यांच्या तोंडासमोर. ताईंच्या पर्समध्ये त्यासाठी कात्री असे. निरोपाचे हार-नारळ चालू असताना त्या गर्दीत घुसत आणि जुनी पट्टी कापून टाकत. "बॅग अडाणी असती. जे लिवलंय तिकडं जाती."

ही कात्री एकदाच म्यान झाली. मलकापूरच्या अक्काताई लेकीच्या बाळंतपणासाठी सॅन फ्रान्सिस्कोला निघाल्या होत्या. आपल्या दिवंगत आईच्या इरकली लुगड्याचे दुपटे त्यांनी हाताने शिवले होते. बारशाला बाळ त्यातच पाळण्यात घालायचे, असा लेकीचा हट्ट होता. बॅग मात्र उसनी होती, देसाईंकडची. देसाई म्हणजे अक्काताईंच्या मुलाचे सासरे, नुकतेच सिंगापूर पाहून आलेले. "पट्टी तेवढी जपा," असे त्यांनी बजावले होते. मुंबईच्या बसपाशी ताईंनी कात्री काढताच अक्काताईंनी मुठीवर हात ठेवला.

"नगं बाई. व्याह्यांची हाय. उद्या माझ्या पोराला ऐकून घ्यावं लागंल."

सोयरिकीपुढे ताईंनी हात टेकले.

चार-पाच दिवसांनी फोन आला. अक्काताई पोचल्या होत्या, नात झाली होती, बॅग मात्र आलीच नव्हती. शनिवारी बारसे. अक्काताई फोनवर रडत होत्या. ताईंचा चेहरा उतरला, पण घटकाभरच. मग त्यांनी मुंबईला कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून कुणीतरी गोड आवाजात म्हणाले, "शोध चालू आहे."

"शोधू नगासा! एसआयएन! सिंगापूर! तिथं बगा!"

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. बॅग सिंगापुरातच होती. ताई खुर्चीवर उभ्या राहून भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवू लागल्या. "एसआयएन, मग एनआरटी, मग एसएफओ!" एनआरटी म्हणजे टोकियो, हे सांगताना त्यांचा आवाज जिन्यावरून वर जात होता. अक्काताई जर्मनीवरून पश्चिमेने गेल्या होत्या, बॅग पूर्वेने निघाली होती. दोघींनी मिळून पृथ्वीला वेढा घातला होता. मलकापूरच्या इतिहासात हे बहुधा प्रथमच घडत होते.

मग शाहूपुरीला कुस्तीचा रंग चढला. चहावाला कप ठेवता ठेवता विचारी, "एनआरटी सुटलं काय?" समोरचा सायकलवाला पंप मारता मारता ओरडे, "बारसं गाठतंय का न्हाय?" माझ्याकडे अर्ज भरायला आलेली माणसे अर्ज विसरून नकाशापुढे उभी राहत. देसाई रोज येऊन बसत. त्यांना अपराधी वाटत असावे, असा माझा समज होता. "बघा," ते मला म्हणाले, "बॅगेला वाट ठाऊक आहे."

"तुमच्या पट्टीला ठावं हाय," ताई म्हणाल्या. "गप बसा."

शनिवारी टोकियोहून बॅग निघाल्याचे कळले. ती अमेरिकेत पोचली का, हे मुंबईच्या ऑफिसाला सांगता येईना. अमेरिकेतली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ. रविवारी ऑफिस बंद असते, त्या दिवशी ते उघडले. चहावाला, सायकलवाला, देसाई आणि मी फोनभोवती उभे. देसाईंनी पेढे आणले होते, आणि दोन शब्द बोलायचीही त्यांची तयारी दिसत होती. ताई नखे खात होत्या. घंटी वाजली आणि त्यांनी स्पीकर चालू केला.

"अक्का, दुपटं?"

"मिळालं गं! दुपारी आली बॅग. आत्ताच घातलं बाळाला त्यात. माझ्या आईच्या पदरात निजलीय बघ पोर."

ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. सायकलवाल्याने शिट्टी मारली. देसाईंनी टोपी काढली आणि पिढ्या, परंपरा, संस्कार असे काहीतरी सुरू केले.

"अगं बाई!" पलीकडून अक्काताई ओरडल्या.

"काय झालं?" ताई फोनवर वाकल्या.

"मुतली."

दुपटे धुवून वाळत घातल्याचे अक्काताईंनी तासाभराने दुसरा फोन करून कळवले.