भुताला कोणी विचारलंच नाही

सासूबाई पाय घसरून पडल्या, तेव्हा आम्ही त्यांना सिंधुदुर्गातल्या घरून भाईंदरला आणलं. पाय बरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता माका घराकडे सोड." गावच्या घरात त्या एकट्याच, शेजारची घरंही कुलूपबंद. पुन्हा पडल्या तर कुणाला कळणारही नाही. त्यांनी इथेच राहावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते जमवायचं काम मी माझ्या पद्धतीने हाती घेतलं.

माझी पद्धत म्हणजे व्यवस्था. सकाळी सोसायटीच्या बागेत फेरी, मग गोळ्या, मग विश्रांती, संध्याकाळी नवघरच्या देवळात भजन. स्वयंपाकाला बाई लावली. मासळी साफ करून घरपोच. त्यांना कशालाही हात लावावा लागू नये, याची इतकी चोख व्यवस्था मी ऑफिसातही कधी कशाची केली नव्हती. त्या मात्र गप्प होत गेल्या. ताटात अर्धं टाकू लागल्या. नवरा म्हणाला, "आईला अगदी पाहुण्यासारखं ठेवलंयस." मी ते कौतुक समजले.

अशात केबलवाल्याने पॅक बदलला आणि त्याबरोबर दिवसभर भयपट दाखवणारं एक चॅनल घरात आलं. सिनेमे थिएटरवाले नव्हेत, खास टीव्हीसाठी काढलेले. एका शनिवारी दुपारी पाहते तर सासूबाई ताठ बसून ते बघत होत्या. रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईने हे बघणं माझ्या व्यवस्थेत बसत नव्हतं. रिमोट घ्यायला म्हणून शेजारी बसले आणि तिथेच अडकले.

या सिनेमांची शिस्त मला आवडली. बंगला तोच, जिना तोच, पांढऱ्या साडीतली बाई तीच. जाहिरात यायच्या आधी कुणाच्या तरी खांद्यावर हात पडतो, मग फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात, आणि मग कळतं की हात नवऱ्याचा होता. हे सगळं कळूनही मी भर दुपारी स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाताना दिवा लावून गेले.

"गो, हो बंगलो खंयचो?" सासूबाईंनी विचारलं.

"घोडबंदर रोडचा वाटतोय. वरसाव्याकडे तसले आहेत, शूटिंगला देतात."

"म्हणजे भूत हंयसरचाच. रिक्षा करून येयत."

कित्येक दिवसांनी त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. मग आमचा शनिवार ठरूनच गेला. मी जीव मुठीत धरून बघायची, आणि त्या जाणकार नजरेने चुका काढायच्या. भुताचे केस फार धुतलेले आहेत. कुत्रं कसं भुंकलं नाही. एका सिनेमात घरातल्यांनी त्या बाईला हाकलायला मांत्रिक आणला, दारं बंद केली, चौकटीवर खिळे ठोकले, धूर केला. सासूबाई वैतागल्या.

"मेल्यांनी इतक्या सगळा केला. पण तिका कोणी इचारल्यान?"

"काय विचारायचं?"

"तुका काय व्हया, असा. आमच्याकडे आधी नारळ ठेवतत, हात जोडतत आणि इचारतत. ती काय उगीच फिरता?"

पडद्यावर खिळे ठोकणं चालूच होतं. घरातली सून मोठी कामसू होती, सगळ्यांना सूचना देत होती. मला तिचा राग यायला लागला, आणि का येतोय ते लक्षात आल्यावर मी आवाज कमी केला. नारळ घरात नव्हता. तसंच विचारलं, "आई, तुम्हाला काय हवंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू खांद्यावर हात पडलाय.

"बाजार मी करतलंय," त्या म्हणाल्या. "तुझी ती धुतलेली मासळी माझ्या घशाखाली उतरणा नाय. आणि त्या बाईक सांग, आमटी माझी मी करीन."

"आणि गाव?"

"शिमग्याक जायन. मगे बघूया."

दुसऱ्या दिवशी रिक्षाने भाईंदर पश्चिमेच्या बाजारात गेलो. त्यांनी बांगड्याचे कल्ले उचलून पाहिले आणि कोळणीला म्हणाल्या, "हो कालचो."

"न्हाय गो आजी, सकालचाच हाय."

दोघी बराच वेळ कडाकडा भांडल्या, एकमेकींवर खूश दिसत होत्या. मी पिशवी धरून मागे उभी होते. मध्ये एकदा सल्ला द्यायला तोंड उघडलं, तर दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

शिमग्याला त्या गावी गेल्या. जाण्याचं आणि परतीचं, दोन्ही तिकिटं मीच काढली होती. विचारून.