नाव दिलेले आणि उतरलेले

आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागात ताईंइतकं घाबरट माणूस दुसरं नव्हतं, आणि हे मी त्यांना तोंडावर अनेकदा सांगितलेलं आहे. फोन वाजला की त्या दचकायच्या. कुणी वर बोलावलं की आधी दोन घोट पाणी प्यायच्या. घरून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही ते पाहायला अर्ध्या वाटेतून परत जाणं तर नेहमीचंच. "ताई, तुमच्या घराला आग लागायची असती तर एव्हाना वाट बघून बघून लागली असती," असं मी म्हणायचे. त्या हसायच्या, पण हसता हसता पर्समध्ये किल्ल्या चाचपायच्या.

मैदानाकडच्या प्रेक्षकांच्या बैठकीच्या पायऱ्यांखाली आमची खोली होती. वर खेळाडू पळायला लागले की छताचे पोपडे गळून आमच्या कागदांवर पडायचे. मी टायपिंग करायचे आणि ताई नोंदी ठेवायच्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला किती कॉलेजांनी नावं दिली, त्यातली प्रत्यक्ष किती उतरली, कोण कोणाला हरवून पुढे गेलं, हे सगळं एकवीस वर्षं त्यांच्या बारीक अक्षरात उतरत आलेलं. नाव दिलेले आणि उतरलेले असे दोन निरनिराळे रकाने असत, कारण नाव देऊन आयत्या वेळी दांडी मारणारी कॉलेजं काही कमी नव्हती. त्या दोन रकान्यांत ताईंनी कधी गल्लत केली नाही. भीतीपोटी त्या प्रत्येक आकडा तीन-तीनदा तपासत.

त्यांच्या घरात दोघीच, त्या आणि धाकटी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. ताईंनी तिच्या वेण्या घातल्या, तिचा अभ्यास घेतला, तिला तापात मांडीवर घेतलं, आणि एवढं करून या पोरीने निवडली काय, तर तलवारबाजी! ताईंची पाचावर धारण बसली. धाकटी कॉलेजात खेळायची तेव्हा ताई हॉलमध्ये मागच्या बाकावर डोळे मिटून बसत आणि टोचा लागल्याची घंटा वाजली की शेजाऱ्याला विचारत, "आपल्याला लागला का?" पुढे धाकटी तिथेच प्रशिक्षक झाली. सहा वर्षं ओळीने विजेतेपद तिच्या मुलींनी आणलं. कॉलेजच्या दर्शनी कपाटात सगळ्यांत जास्त चषक तिचे.

मग नवे संचालक आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी पाठवली. नऊ खेळांपैकी पुढच्या वर्षी पाचच चालतील, तेव्हा कोणत्या खेळात विजेतेपद मिळवणं किती अवघड आहे याचा तक्ता ताईंनी करून द्यावा. कारण काही लिहिलं नव्हतं. ताईंनी चिठ्ठी चार वेळा वाचली.

दुसऱ्या दिवसापासून आमची खोली म्हणजे आखाडा झाली. प्रत्येक प्रशिक्षक आपलंच रडगाणं घेऊन यायचा. फुटबॉलवाले म्हणाले, "आम्ही दीड तास समोरच्यांना झोडपतो आणि शेवटी त्यांच्या कुणाच्या तरी पाठीला लागून चेंडू आमच्या जाळ्यात जातो. एका गोलात वर्ष बुडतं. याहून अवघड काय असणार?"

"ते नशीब झालं," बास्केटबॉलचे लंबूसर म्हणाले. दारातून वाकून येण्याचं त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की ते बसल्यावरही वाकलेलेच दिसत. "आमच्यात चेंडू पन्नास-साठ वेळा टोपलीत जातो. तेवढ्यात नशीबसुद्धा दमतं. जो चांगला तोच जिंकतो. चाळीस संघ, सहा सामने, आणि त्यातला एकही फुकटचा नाही."

टेनिसचे मास्तर शांतपणे एवढंच म्हणाले, "आमच्यात दमलास म्हणून बदली घेता येत नाही."

धाकटी दारात उभी होती. "आमच्यात डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ संपतो," ती म्हणाली.

"पण बाई, तुमच्यात येतात किती जण ते सांगा की!" लंबूसर हसले, आणि बाकीचेही हसले. धाकटीही हसली. ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि नसलेली ओळ खोडरबराने खोडत राहिल्या.

तलवारबाजीला चौदा कॉलेजं नाव देतात आणि चारच उतरतात. मुखवटे, जाकिटं, तलवारी सगळ्यांकडे कुठून असणार? म्हणजे दोन लढती जिंकल्या की चषक हातात. अवघड खेळाला किंमत आणि सोप्याला नारळ, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या हिशेबाने पहिली कुऱ्हाड धाकटीवर पडणार होती. चाळिशीला टेकलेली, तलवारीखेरीज दुसरं काही न शिकलेली बाई कुठे जाणार? ताईंनी दोन दिवस डबा उघडला नाही. "हिचं कसं होईल गं?" एवढंच त्या मला विचारत आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा कागदात डोकं घालत.

तिसऱ्या दिवशी तक्ता माझ्या हातात आला. आठ खेळांपुढे उतरलेल्या संघांचा आकडा होता. तलवारबाजीपुढे नाव दिलेल्यांचा, चौदा. वर रकान्याला नुसतं 'संघ' असं लिहिलं होतं. मी मान वर करून पाहिलं तर ताई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांचा कान लाल झाला होता. इतर वेळी टोमणा मारल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी मी निमूटपणे चौदा टाइप केलं.

बैठक संचालकांच्या खोलीत झाली. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला. संचालकांनी तक्ता समोर घेतला, चष्मा नीट केला आणि म्हणाले, "उत्तम. आता यातले सगळ्यांत सोपे पाच खेळ आपण ठेवू. चाळीस संघांशी झुंजून तिसऱ्या फेरीत घरी येण्यात मला रस नाही. मला चषक हवेत." आणि ते खालून मोजायला लागले. नौकानयन पाच संघ. वॉटरपोलो सहा. जलतरण आठ. हॉकी नऊ. टेनिस बारा. "झाले पाच. तलवारबाजी चौदा, म्हणजे ती गेली."

माझं पेन थांबलं. ताईंकडे बघवेना. समोर धाकटी कपाळाला आठ्या घालून तक्त्याकडे बघत होती, 'चौदा?' असं स्वतःशीच पुटपुटत. संचालक पुढच्या विषयाकडे वळले. मला वाटलं, संपलं. दोघींपैकी एकीची चूक, दुसरीची नोकरी, आणि माझंही बोट त्यात बुडालेलं. मी खाली पाहून लिहीत राहिले. खरं सांगते, मला माझ्यापुरतीच भीती वाटत होती.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताई उभ्या राहिल्या होत्या. एकवीस वर्षांत बैठकीत त्या कधी बोलल्या नव्हत्या. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, तरी वरचे पाण्याचे ग्लास किणकिणत होते.

"सर, तो आकडा खोटा आहे. बाकीच्या खेळांत मी उतरलेले मोजले. तलवारबाजीत नाव दिलेले. तिथे चारच उतरतात."

"चूक झाली?"

"नाही सर. मी मुद्दाम केलं."

संचालकांनी पेनाने चौदा खोडून चार केलं. तलवारबाजी सगळ्यांच्या खाली गेली, म्हणजे सर्वांत सोपी ठरली आणि वाचली. टेनिस बाहेर पडलं. मास्तरांनी आपला चष्मा डबीत ठेवला. ताईंना उद्यापासून नोंदींना हात न लावण्यास सांगण्यात आलं. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, या पडतात की काय, पण त्या बसल्या आणि बैठक संपेपर्यंत सरळ बसून राहिल्या.

नंतर मी त्यांना हाताला धरून तलवारबाजीच्या हॉलमध्ये नेलं. धाकटी मुखवटे पुसून खुंटीवर लावत होती. ताई दारातच थांबल्या. "बाळा, तुझा खेळ राहिला बघ," त्या म्हणाल्या.

धाकटी वळली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

"ताई, चारच येतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "त्या तिघांना हरवायला काय लागतं तेही मला माहीत आहे. मला त्याची कधी लाज वाटली नाही. तुला वाटत होती, हे मला आज कळलं."