मी घरी पाठवलेली मुलं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सोबत शिकवणाऱ्या बाईंजवळही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

सत्तरनंतरची वर्षं. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी पहिली-दुसरी शिकवायची. शाळेमागे, ओढ्यापलीकडे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची शेड होती. ओढ्याकाठच्या घरांवर तिचा धूर बसायचा. त्या घरांतली मुलं — काय सांगू? आज गिरवलेला ‘क’ उद्या पाटीवर यायचा नाही. त्यातल्याच एका घरातल्या द्वारकाची मुलगी सुमन तर बोलता बोलता शब्द विसरायची आणि रागाने स्वतःचाच हात चावायची. मी त्यांना ‘ढ’ म्हणायची. मारायचीसुद्धा.

मग मुंबईहून डॉक्टर आले. लाकडी ठोकळे, चित्रं, रक्तासाठी बाटल्या. शिशाने वाढत्या मुलांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, ते त्यांना तपासायचं होतं. म्हणाले, बाई, ओढ्याकाठच्या मुलांची यादी करा.

आणि मी — साहेब तपासणीला येणार म्हटलं की हुशार मुलं पुढे बसवायची सवय मला. यांना ठोकळेही रचता आले नाहीत तर? बाईंनी शिकवलं तरी काय, असं म्हणतील? एवढंच होतं मनात. शेडवाल्याने धमकावलं नव्हतं, काही दिलंही नव्हतं. मी धूर न पोचणाऱ्या वरच्या आळीतली मुलं लिहिली — आणि पत्ता ओढ्याकाठचा.

तपासणीच्या सकाळी द्वारका सुमनला न्हाऊमाखू घालून, वेणी घालून घेऊन आली.

“बाई, हिला पन बगू द्या की डाक्टरला.”

“यादीत नाव नाही गं तिचं.”

ती तिला घेऊन परत फिरली. सुमन मात्र वळून वळून ठोकळ्यांकडे बघत होती.

अहवाल आला — मुलं ठीक आहेत. शेड चालूच राहिली. सुमनच्या पाठची बहीण शाळेत आली, तीही तशीच.

पुढे काही वर्षांनी द्वारका चौक गावच्या बाजारात भेटली. सुमन तिचा पदर धरून उभी — चांगली बारा-तेरा वर्षांची.

“डाक्टर बोल्ले, धुराचा काय दोष नाय,” द्वारका म्हणाली. “मंग माज्याच पोटाचा ना, बाई?”

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. “असं मनाला लावून घेऊ नये गं,” एवढंच म्हणाले, आणि समोर उभी होती त्या एसटीत चढले.

ती एसटी माझ्या गावाला जात नव्हती.