दुसरा कागद

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला आईला धाप लागायची म्हणून नाशिकच्या दवाखान्यात नेलं होतं. छातीच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर, आमच्याच बाकावर निफाडकडची एक मावशी बसली होती. चार शब्द बोलली की थांबायची, गुडघ्यांवर हात रोवून हळूहळू श्वास सोडायची आणि मग वाक्य पुरं करायची. पाय इतके सुजलेले की जोडवी काढून तिने पदराच्या गाठीत बांधली होती.

तिचा नंबर पुकारला. तिने पिशवीतून दोन केसपेपर काढले आणि एक माझ्या हातात कोंबला.

"भाऊ, एवढा धरा. काळजाच्या डॉक्टरचा हाय."

"अहो मावशी, तो आत दाखवायला पाहिजे."

"नाय हो. हा पाहिला का हे म्हणतात तिकडं जा. तिकडं गेलं का ते म्हणतात इकडं जा. आता लय चालवत नाय मला."

लुगडं पावलांवर ओढून ती आत गेली.

दार अर्धवट उघडंच होतं. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरा काही आजार?"

"काही नाय, साहेब."

मी उठलो, तशी आईने माझी बाही धरली. "तुझ्या खिशातला माझा ब्लडप्रेशरचा कागद काढू नकोस हं," ती हळूच म्हणाली.

मी तो काढला आणि दोन्ही कागद घेऊन दार ढकललं. मावशीने आधी माझ्याकडे बघितलं, मग कागदांकडे, आणि लुगडं पावलांवर आणखी खाली ओढलं.